पूर्वेस ओढा

“पुन्हा येकदा वाचा, मुन्शीजी,” भिवा म्हणाला.

मी पुन्हा वाचले. ‘सर्व्हे नंबर सत्तेचाळीसपैकी निम्मे रान, सहा एकर. पूर्वेस ओढा. पश्चिमेस विकणाराचे उरलेले रान. उत्तरेस व दक्षिणेस गायरान.’ खाली बजरंगलाल शेटची सही, भिवाचा अंगठा आणि कोपऱ्यात दस्त लिहिणारा म्हणून माझे नाव. साल एकोणीसशे सत्तावन्न. अक्षर इतके नेटके की एकोणीस वर्षांनंतरही एक काना पुसट झाला नव्हता.

“पण म्या तं मावळतीचं रान कसून राह्यलो,” भिवा म्हणाला. “खरेदीखताच्या आधी पाच वरसं बटईनं, आन् खत झाल्यावर मालक म्हणून. इहीर मावळतीला हाय. दुस्काळात म्या आन् माझ्या बायकोनं, कांताबाईनं, खांदली ती.”

“सातबाऱ्यावर विहीर आबांच्याच नावापुढं आहे,” बेबीनंदा म्हणाली. ती भिवाची मुलगी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती वर येऊन माझ्या सतरंजीवर बसली होती. भिवा पायरीखाली उभा होता. “सत्तावन्नपासूनच्या सगळ्या नकला काढल्या मी. एका वर्षी चूक नाही.”

तिसरा कागद कोर्टाचा होता. बजरंगलाल शेटने उरलेले निम्मे रान पुढे अप्पारावांना विकले होते. अप्पारावांच्या खतात, ते दुसऱ्या कुणी लिहिले होते, एवढेच होते की ‘भिवास विकून उरलेले रान’. अप्पाराव आयुष्यभर उगवतीकडचा मुरमाड तुकडा कसत राहिले आणि तसेच वारले. भावाभावांच्या वाटण्या करताना त्यांच्या मुलाने, सर्जेरावने, सगळे कागद नीट वाचून घेतले. भिवाच्या खताची नक्कल काढली. आणि दावा लावला. ओढा रानाला वळसा घालून उगवतीला आणि मावळतीला, दोन्ही अंगांनी वाहतो, तेव्हा खताप्रमाणे भिवाचे रान उगवतीचे. मग उरलेले, म्हणजे मावळतीचे, विहिरीसकट माझे.

मी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. कागदावर तेच होते.

परतूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन पायऱ्या चढून माझी ओसरी. निजामाच्या काळात मी उर्दूत दस्त लिहिले, नंतर मराठीत. लोक मुन्शी म्हणत राहिले. दस्तात माझी एक खाडाखोड दाखवा, असे मी तरुणपणी म्हणत असे. नंतर तसे म्हणायची गरज उरली नाही, लोकच म्हणू लागले.

“शेटनं फशिवलं का मला?” भिवाने विचारले.

खरे सांगतो, एक क्षण मला ‘हो’ म्हणावेसे वाटले. बजरंगलाल वारून आठ वर्षे झाली होती. पण मला तो दिवस थोडा आठवत होता. शेट माझ्या शेजारी सुपारी कातरत बसले होते. मी चतुःसीमा विचारल्या तर म्हणाले, “अरे, भिवा को पूछो. रान उसको मालूम. मैं तो साल में एक बार जाता.”

“शेटनं काही सांगितलंच नाही,” मी म्हणालो. “सीमा तूच सांगितल्या होत्यास.”

“म्या उलटं कशाला सांगल? माझ्या रानात मला उगवत-मावळत कळंना व्हय?”

“तुम्ही विचारता कसं, मुन्शीजी?” बेबीनंदा म्हणाली. “म्हणजे नेमके शब्द काय?”

मी सांगितले. अडाणी माणसाला पूर्व-पश्चिम विचारले की तो गोंधळतो, म्हणून मी माझी एक रीत बसवली होती. माझे तोंड उगवतीला. पक्षकार शेजारी सतरंजीवर बसे, त्याचेही तोंड उगवतीला. मग मी म्हणे, आपण तुझ्या रानात असेच बसलो आहोत असे समज. पुढं काय? मागं काय? उजव्या हाताला काय, डाव्या हाताला काय? पुढचे ते पूर्व, मागचे ते पश्चिम. मान वर न करता लिहीत जायचे. या रितीत चूक व्हायला जागाच नव्हती.

मग तिने वडिलांकडे पाहिले.

“आबा, तेव्हा तुम्ही कुठं बसला होता?”

“बसन कशाला? उभा व्हतो.”

“कुठं?”

“आता हाय तितंच. आन् कुठं उभा राहू?”

ती उठली, पायऱ्या उतरली आणि वडिलांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. दोघांची तोंडे माझ्याकडे. म्हणजे मावळतीकडे.

“आता विचारा,” ती म्हणाली.

मी विचारायच्या आत भिवाच म्हणाला, “पुढं काय? पुढं ओढा. मागं शेटचं राह्यलेलं रान.” आणि त्याचा हात हवेत तसाच राहिला.

रस्त्याने एक बैलगाडी गेली. गाडीवान मला रामराम घालून गेला. मी उत्तर दिले की नाही ते आठवत नाही.

त्या साली भिवाच्या लोकांनी धर्म बदलून सहा-सात महिने झाले होते. मी वर्तमानपत्रात सगळे वाचले होते, मनातून बरेही वाटले होते. मी कधी कुणाला खाली उभा राहा म्हणालो नाही. वर ये असेही म्हणालो नाही. ते उभे राहत आणि मी लिहीत असे.

“भिवा, वर ये,” मी म्हणालो.

“आता कशाला?” तो म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याला खरेच कळत नव्हते.

*

भुजंगराव वकिलांनी भिवाचे वकीलपत्र घेतले. त्यांच्या खोलीत आम्ही तिघे बाकावर बसलो. बेबीनंदाने सातबाऱ्याच्या नकलांची चळत टेबलावर ठेवली. त्यांनी ती चाळली आणि बाजूला सारली.

“बाई, सातबारा म्हणजे सरकारनं सारा कुणाकडून घ्यायचा, त्याची नोंद. ती खरी धरतात, पण उलटं सिद्ध होईपर्यंत. आणि उलटं सिद्ध करणारा कागद तुमच्याच पेटीत निघाला. मालकी खतानं ठरते.”

“पण रान तं आमच्या ताब्यात हाय ना, सायेब?”

“तोच तर रस्ता आहे.” भुजंगराव खुर्चीत पुढे सरकले. “बारा वर्षांच्या वर ताबा आहे. आता एवढंच म्हणायचं, की हे रान माझं नाही हे मला ठाऊक होतं. दुसऱ्याचं होतं, मी दाबलं, उघडउघड दाबलं आणि बारा वर्षं कुणी मला उठवलं नाही. मग कायदाच ते रान तुमचं करतो. बिलकुल सरळ केस आहे.”

भिवाला ते दोनदा समजावून सांगावे लागले. दुसऱ्यांदा त्याचे तोंड उघडेच राहिले.

“म्हंजी, म्या चोरी केली म्हणू?”

“चोरी नाही हो. कब्जा.”

“आन् खरीदलं म्हणलो तं?”

“तर खत बघतील. खतात उगवतीचं आहे.”

“म्या पैसं मोजून घेतलेलं रान खरीदलं म्हणलो तं जाईल, आन् दाबलं म्हणलो तं राहील?”

“कायदा तसाच आहे, भिवाजी.”

भिवा बेबीनंदाकडे वळला. “तुव्हा आज्जा दुसऱ्याच्या धुऱ्याचं गवत बी कापत नव्हता. माझ्या नावापुढं असं लिवलेलं नातवानं वाचायचं?” मग वकिलांना म्हणाला, “न्हाई सायेब. म्या कोणाचं दाबलं न्हाई. ते सोडून काय असंल तं सांगा.”

भुजंगरावांनी डोके खाजवले. “मग राहिले हे,” ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. “यांनी पिंजऱ्यात उभं राहून सांगायचं, मी चुकीचं लिहिलं म्हणून. मुन्शीजी, सांगाल?”

मी हो म्हणालो. नाही म्हणायला मला जागा नव्हती. पण घरी आल्यावर वाटू लागले की मी जे सांगणार आहे ते मला खरेच आठवते आहे, की त्या दोघांना पायरीखाली उभे पाहिल्यावर मी ते मनाने जोडले आहे? मी आधीपासूनच असा आहे. दाराला कडी घातली की नाही ते पाहायला दोनदा उठणारा.

*

साक्षीच्या दिवशी कोर्टात गर्दी होती. बजरंगलालचा मुलगा किशनलाल आधी सांगून गेला, “बापूजी ने जो बेचा वो कागज पर है. मैं छोटा था, साहेब.” तो खोटे बोलत नव्हता. तुकड्याची मोजणी कधी झाली नव्हती, त्यामुळे नकाशाही नव्हता. मग माझे नाव पुकारले.

सर्जेराव पुढच्या बाकावर बसला होता. मी जाताना तो हळूच म्हणाला, “मुन्शीजी, तुमचंच अक्षर, आन् तुम्हालाच वाचता येईना व्हय?” आजूबाजूचे हसले. त्याचा बाप माझ्या ओळखीचा होता. त्या मुरमाड तुकड्यात दगड वेचून वेचून अप्पाराव पाठीत वाकले होते. सर्जेरावच्या मनात तेही असेल.

मी सगळे सांगितले. ओसरी, सतरंजी, पुढं-मागं विचारायची रीत. न्यायाधीश तरुण होते, लक्ष देऊन ऐकत होते. मग सर्जेरावचे वकील उठले.

“एकोणीस वर्षांपूर्वी भिवा पायरीखाली उभे होते, हे तुम्हाला आज आठवतं?”

भुजंगराव मला डोळ्यांनी खुणावत होते.

“नाही,” मी म्हणालो. “तेवढं वेगळं आठवत नाही.”

कोर्टात कुजबुज झाली.

“मग कशावरून सांगता?”

“ते सगळेच खाली उभे राहायचे.”

“सगळे म्हणजे कोण?”

मला तो शब्द उच्चारता आला नाही. “जे वर येत नसत, ते,” मी म्हणालो.

वकील क्षणभर अडले. पण ते हुशार होते. दोन पावले जवळ आले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “तुम्ही किती वर्षं दस्त लिहिले, मुन्शीजी?”

“चौतीस.”

“आणि या चौतीस वर्षांत जे जे खाली उभे राहिले, त्या सगळ्यांची खतं अशीच उलटी आहेत, असं तुमचं म्हणणं आहे का?”

तोपर्यंत हे माझ्या मनात आलेच नव्हते. आज लिहिताना लाज वाटते, पण नव्हते आले. मी भिवाच्या एका खताचा विचार करत होतो. पिंजऱ्याच्या दांडीला धरून उभा असताना मला पायरीखालची माणसे दिसू लागली. मंठ्याकडची, सेलूकडची, ओढ्यापलीकडच्या वाड्यांवरची. पोटाला चिमटा घेऊन दोन एकर, तीन एकर घेणारी. अंगठा उठवताना हात धोतराला पुसणारी. त्यांचे कागद कुठे कुठे पत्र्याच्या पेट्यांत, बाजेखाली पडले असतील. हो म्हणालो तर भिवाचे रान वाचेल. आणि उद्या सकाळी प्रत्येक गावात शेजारच्या बांधाचा धुरेकरी त्यांच्या खताची नक्कल काढायला येईल.

“साक्षीदारानं उत्तर द्यावं,” न्यायाधीश म्हणाले.

“सांगता येत नाही,” मी म्हणालो.

वकिलांनी मान डोलावली आणि खाली बसले. न्यायाधीशांनी लिहून घेतले. ते मी शहाणपणाने म्हणालो की घाबरून, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

बाहेर भुजंगराव माझ्याशी बोलले नाहीत. बेबीनंदा बोलली. “मुन्शीजी, एक शब्द होता. हो म्हणायचं होतं. एवढंच.” तिचे डोळे कोरडे होते आणि त्याचाच मला जास्त धसका बसला. भिवा तिला घेऊन निघाला.

*

चौथ्या दिवशी तो परत आला. बरोबर म्हातारी बहीण चांगुणाबाई, मंठ्याजवळच्या वाडीची. तिच्या नवऱ्याचे खतही माझ्याच हातचे होते. या खेपेला मी खाली उतरलो आणि आम्ही पायरीवर बसलो. तिने कागद पदरातून काढला. मी वाचले. ‘पूर्वेस गावरस्ता, पश्चिमेस टेकडी.’

“अगं बया!” चांगुणाबाई म्हणाली. “टेकडीवरून तं दिस उगवतो आमच्यात! रस्ता मावळतीला हाय. मुन्शीजी, काहून असं लिवलं?”

मी कागद पुन्हा वाचला. आता शंकेला जागा नव्हती. रस्ता आणि टेकडी कुणाला हलवता येत नाहीत. मी तसाच कागद घेऊन दोघांना वकिलांकडे घेऊन गेलो. भुजंगराव उठून उभेच राहिले.

“हे द्या मला! निकाल व्हायचा आहे अजून. हे खत दाखल करतो, मुन्शीजींना पुन्हा बोलावतो. रीत चुकत होती याला आता पुरावा आहे. भिवाजी, विहीर वाचली तुमची!”

भिवा बहिणीकडे बघत होता. “सायेब, हे कोर्टात दिलं तं सगळ्यास्नी वाचून दाखवत्यात?”

“अर्थात. दाखल झालेला कागद कुणीही बघू शकतो.”

“मंग हिचा धुरेकरी बी बघल.”

“तिचं प्रकरण सोपं आहे. टेकडी कुणाला नाकारता येत नाही. ती लढू शकेल.”

“कोण लढंल? ही?” भिवा म्हणाला. चांगुणाबाई भिंतीला टेकून बसली होती, तिला यातले फारसे कळत नव्हते. “एकलीच हाय ती. तिला तारखेला कोण आणंल? दावा लागला म्हणूनच मरंल. तिचं रान उघडं पाडून म्या माझं झाकू व्हय?”

“दादा, माझ्यापायी तुव्हा नुकसान नको करू,” चांगुणाबाई म्हणाली.

“तू गप बस. तुला न्हाई कळत.” त्याने टेबलावरचा कागद उचलला आणि बहिणीच्या हातात दिला. “पदरात बांध.”

मग माझ्याकडे वळून म्हणाला, “त्या दिशी तुम्ही बराबर बोलले, मुन्शीजी. पोरीला कळंना, पण मला कळलं.”

तो असे म्हणाला म्हणून मला बरे वाटायला हवे होते. मी जिन्याशी जाऊन उभा राहिलो.

चांगुणाबाईच्या नवऱ्याला रान विकणारा म्हातारा अजून जिवंत होता. मी त्याच्याकडे सहा खेपा घातल्या आणि चूकदुरुस्तीचा दस्त करून घेतला. माझ्या दस्तांच्या वहीत नावे सापडली त्या बाकीच्यांकडे गेलो. काही ठिकाणी विकणारा हयात होता, काही ठिकाणी नव्हता. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

निकाल भिवाच्या विरुद्ध लागला. लेखी, नोंदलेल्या दस्तापुढे तोंडी सांगणे टिकत नाही आणि महसुली नोंदीने मालकी ठरत नाही, असे न्यायाधीशांनी लिहिले. साक्षीदार वृद्ध आहे, प्रामाणिक दिसतो, पण स्वतःच्या म्हणण्याची त्याला खात्री नाही, असेही एक वाक्य होते. बेबीनंदाने ते मला वाचून दाखवले. अपिलाला मुदत होती. भिवाने विचारले, किती वरसं लागतील? भुजंगरावांनी पाच-सहा सांगितली. “म्या बासष्टचा हाय,” भिवा म्हणाला आणि विषय तिथे संपला.

*

होळीनंतर ताबा द्यायचा दिवस ठरला. ज्वारी निघाली होती. कोर्टाचा माणूस आला, सर्जेराव आपल्या भावासह आला. मला कुणी बोलावले नव्हते. मी गेलो. चौतीस वर्षे रानांच्या सीमा लिहिल्या, पण लिहिलेल्या एकाही रानात पाय ठेवला नव्हता.

मला वाटले होते भिवा घरीच थांबेल. तो आधीच तिथे होता. कांताबाई धुऱ्यावर आंब्याखाली बसली होती. कोर्टाच्या माणसाने कागदावर सह्या घेतल्या, भिवाचा अंगठा घेतला. काम झाले. सर्जेराव घसा खाकरून उभा राहिला. जिंकलेल्या माणसाने आता काय करायचे ते त्याला ठाऊक नव्हते.

“सर्जेराव, चला,” भिवा म्हणाला.

आणि तो त्याला रान दाखवू लागला. तो पुढे, सर्जेराव मागे, त्यांच्या मागे मी.

“हितं नांगर उचलून धरा. खाली शिळा हाय. माझे दोन फाळ मोडले.”

“बरं.”

“ह्या पट्ट्यात पाणी तुंबतं. हितं तूर नका लावू, जळून जाती. ज्वारी चालंल.”

“बरं.”

“हितं मातीत हराळी हाय. नांगरून जात न्हाई. कुदळीनं काढावी लागती, दर साली. येक साल सोडलं की सगळं रान खाती.”

सर्जेराव सुरुवातीला कोर्टाच्या माणसाकडे बघून डोळे मिचकावत होता. नंतर ते थांबले. विहिरीपाशी आल्यावर त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“झरा त्या कपारीला हाय,” भिवा वाकून दाखवत म्हणाला. “तळ दिसंस्तोवर उपसू नका, झरा बुजतो. अर्ध्यावर आलं की थांबायचं. मोट हाकणारा जल्दी करतो, त्याला धरून ठिवा.”

“भिवा,” सर्जेराव म्हणाला.

“बास. येवढंच,” भिवा म्हणाला.

त्याने कांताबाईला हाक मारली. दोघे मधला धुरा ओलांडून उगवतीच्या तुकड्यात गेले, खताप्रमाणे जो त्यांचा होता. तिथे माती तांबडी होती आणि दगड उन्हात चमकत होते. अप्पारावांनी वेचलेल्या दगडांची एक लांब रास कडेला पडलेली होती. भिवाने खाली वाकून एक दगड उचलला आणि त्या राशीवर टाकला. मग दुसरा. कांताबाईने पदर खोचला. ती दुसऱ्या टोकाकडून सुरू झाली.

मी धुऱ्यावर उभा होतो. ऊन चांगलेच चढले होते. थोड्या वेळाने भिवाने मान वर करून माझ्याकडे पाहिले.

“मुन्शीजी, तितं उन्हात नका उभं राहू,” तो म्हणाला. “आंब्याखाली जाऊन बसा. हिकडं सावली न्हाई.”